भाग ४७ : फॅसिटचं हँडल, फिशर-येट्सचं पान आणि 'आर'

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेले दोन-चार आकडे इथे नीट घातलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



मागे कुठेतरी घंटा ऐकू आली तर दचकू नका, ती ओंकारेश्वराकडची. मी नेहमीप्रमाणे शनिवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून बोलतेय. खिडकी बंद केली की उकडतं आणि उघडली की रिक्षा ऐकू येतात. तेव्हा आज रिक्षांसकट ऐका.

गेल्या महिन्यात माळा आवरताना मला एक ट्रंक सापडली. तिच्यात माझी एम. एस्सी.ची प्रॅक्टिकलची जर्नल्स, अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं लॉग टेबल आणि फिशर-येट्सच्या कोष्टकांची जिल्द निघालेली प्रत होती. त्या प्रतीतलं यादृच्छिक अंकांचं पहिलं पान बोटांनी अक्षरशः काळं झालंय. बाकीची पानं मात्र कोरी, स्वच्छ. ते काळं पान बघून मला एक जुनी गोष्ट आठवली आणि फार बरं वाटलं नाही. ती गोष्ट सांगायची म्हणूनच आजचा भाग आहे. पण ती कळायला आधी थोडा इतिहास लागेल.

मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. विषय असा की गणितातले लोक म्हणतात हे गणित नाही, आणि बाकीचे म्हणतात बाप रे, गणित! आमच्या पेठेचा आणि या विषयाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी गद्रे वाड्यापासून सुरुवात करते. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ ला सुरू झालं ते टेकडीखालच्या दगडी इमारतीत नव्हे, तर इथे शनिवार पेठेत, गद्रे वाड्यात. याच फर्ग्युसनमध्ये पुढे, १९३० च्या दशकात, दामोदर धर्मानंद कोसंबी गणित शिकवायला आले.

कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण माणूस मूळचा गणिती. त्यांनी काय केलं, तर प्राचीन चांदीची आहत नाणी हातात घेतली आणि अचूक तराजूवर एकेक करून वजन केलं. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली नाणीसुद्धा. कल्पना साधी आहे. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं, तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. नाण्यांच्या मागच्या बाजूला तपासणीच्या खुणा असतात. त्या खुणा जसजशा वाढतात, तसतसं सरासरी वजन उतरतं, हे त्यांनी दाखवलं. तर्क बरोबर आहे का हे पाहायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. राजाचं नाव नसलेल्या नाण्यांचा क्रम असा वजनावरून लावता येतो!

आता विचार करा, ही सगळी आकडेमोड हातानं. एकेका गटाची सरासरी, प्रमाण विचलन, सगळं कागदावर किंवा हँडलच्या यंत्रावर. संख्याशास्त्र म्हणजे त्या काळी बराचसा शारीरिक श्रम होता.

दुसरं नाव वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म १९१९, कोल्हापूर. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले. पुणे विद्यापीठ १९४९ चं. तिथे गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग १९५३ मध्ये उभा राहिला तो हुजूरबाजारांच्या नेतृत्वाखाली, आणि १९७६ पर्यंत त्यांनीच तो सांभाळला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, मला थोडा उशीर झाला. पण मला शिकवणारे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यामुळे 'हुजूरबाजार सर' हे शब्द आम्ही घरातल्या आजोबांबद्दल ऐकावं तसे ऐकले.

त्यांचा १९४८ चा एक निबंध आहे, लाइकलिहूडच्या समीकरणावरचा. आजही आमच्या अभ्यासक्रमात क्रामेर-हुजूरबाजार सिद्धांत म्हणून तो शिकवतात. सोप्या भाषेत सांगते. तुमच्याकडे काही निरीक्षणं आहेत आणि त्यांच्यामागे दडलेला एक अज्ञात आकडा शोधायचाय. 'कोणता आकडा धरला तर आपल्याला दिसलं ते दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त?' या प्रश्नातून एक समीकरण तयार होतं. अडचण अशी की समीकरणाला एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात. हुजूरबाजारांनी काय सांगितलं? काही अटी पाळल्या, तर नमुना मोठा होत जाताना खऱ्या आकड्याकडे जाणारं उत्तर एकच राहतं, आणि तिथे शक्यतेचं शिखर असतं, दरी नसते.

मी हा सिद्धांत पंधरा-सोळा वर्षं फळ्यावर सिद्ध केला. दोन तास लागायचे. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, मार्क मिळायचे. पण 'नमुना मोठा होत जाताना' म्हणजे किती मोठा? वीस? दोनशे? दोन लाख? हे कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगते, विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आता प्रॅक्टिकलकडे येऊ.

आमच्या वेळी प्रयोगशाळेत फॅसिटची मशीन्स असायची. स्वीडिश कंपनी, काळपट हिरवट रंग, टाइपरायटरएवढा आकार, उजव्या बाजूला हँडल. गुणाकार म्हणजे हँडल गरागरा फिरवायचं. भागाकारात एक फेरा जास्त झाला की 'टिंग' अशी घंटा वाजायची, मग एक फेरा उलटा. वीस मशीन्स एकदम चालली की खोलीत लोहारकाम चाललंय असं वाटायचं. त्यातही युक्त्या होत्या. बेरीज आणि वर्गांची बेरीज एकाच दमात काढायची युक्ती ज्याला जमली, तो वर्गात हिरो.

दहावीला तुम्ही 'गृहीतमध्य पद्धत' शिकला असाल. सगळ्या आकड्यांतून एक सोयीचा आकडा आधी वजा करायचा, सरासरी काढायची, मग तो परत मिळवायचा. हे कशासाठी, असं तेव्हा वाटलं असेल. हातानं आकडेमोड करणाऱ्यांचे श्रम वाचावेत यासाठी! कॅल्क्युलेटर आले, कॉम्प्युटर आले, पण ती पद्धत पुस्तकातून हलली नाही.

आता ती गोष्ट.

साल १९८६ असेल. प्रॅक्टिकल होतं यादृच्छिक नमुना काढण्याचं. एका गावातल्या शंभर शेतांचं उत्पन्न दिलेलं, त्यातली दहा शेतं फिशर-येट्सचं कोष्टक वापरून निवडायची, सरासरी काढायची, तिची प्रमाण त्रुटी काढायची. तपासायला सोपं जावं म्हणून माझ्याकडे उत्तराचा कागद असायचा. चाळीस जर्नल्स आली. एकोणचाळिसांचं उत्तर माझ्या कागदाशी दशांशापर्यंत जुळलं. एका मुलाचं वेगळंच आलं. मी लाल पेनानं 'चूक' लिहिलं आणि मार्क कापले.

तो मुलगा स्टाफरूममध्ये आला. म्हणाला, "मॅडम, मी डोळे मिटून पेन्सिल टेकवली. चौथ्या पानावर टेकली. तुम्हीच म्हणाला होतात ना, कुठूनही सुरू करा?" मी म्हटलं, "अरे, पण उत्तर जुळायला नको का?" तो काही बोलला नाही. जर्नल उचललं आणि गेला.

मंडळी, विचार करा. यादृच्छिक नमुना, आणि चाळीसपैकी एकोणचाळीस जणांचा तोच नमुना! कारण सगळ्यांनी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केलेली, किंवा सरळ शेजारच्याचं उतरवलेलं. दरवर्षी हेच. म्हणून ते पहिलं पान काळं झालंय. सांगितलेलं खरोखर करणारा वर्गात एकच होता, आणि मार्क मी त्याचे कापले. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला वीस वर्षं लागली.

त्या वीस वर्षांत जगात काय चाललं होतं? अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची संगणकभाषा सुरू केली होती, खास संख्याशास्त्रासाठी. पण ती आमच्यापर्यंत कुठली यायला? १९९० नंतर कॉलेजांमध्ये कॉम्प्युटर आले, पण संख्याशास्त्राची चांगली पॅकेजेस विकतची, आणि किंमत डॉलरमध्ये. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणीतरी सीडी आणायचं, ती सीडी सगळीकडे फिरायची. मीही त्या सीडीवरून शिकवलंय, लपवत नाही. मुलांना सांगायचं की आकडे प्रामाणिकपणे गोळा करा, आणि पुढ्यातलं सॉफ्टवेअर चोरीचं. त्यात ते सगळं बटणांचं. मेन्यू उघडा, टेस्ट निवडा, ओके दाबा, चार पानं छापून येतात. आत काय झालं, देव जाणे. मला वाटायचं यापेक्षा फॅसिट परवडलं. निदान हात दुखायचा, म्हणून विचार करून आकडेमोड केली जायची.

इकडे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांची अडचण आमच्यासारखीच होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायचं, लॅबमध्ये मॅकिंटॉश मशीन्स, आणि त्यांवर चालेल असं धड काही नाही. त्यांनी स्वतःच एक भाषा लिहिली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, आणि 'एस'ची चेष्टाही साधली, म्हणून नाव 'आर'. १९९३ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली आणि १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. पहिली पक्की आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. आज बँका, औषध कंपन्या, वर्तमानपत्रं सगळे आर वापरतात. पण ती जन्मली वर्गात, शिकवण्याच्या गरजेतून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुण्यात ती रुजवायला विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले लोक पुढे होते. २००८ मध्ये सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या तिघांचं 'स्टॅटिस्टिक्स युझिंग आर' हे पुस्तक आलं. भारतीय विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेलं, आपल्या प्रॅक्टिकलच्या वळणाचं. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या शिक्षकांना त्या पुस्तकानं हात धरून नेलं. पुढे मुंबईच्या आयआयटीच्या फॉसी प्रकल्पानंही मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार कॉलेजाकॉलेजात केला. तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमात तर मराठीसह कितीतरी भारतीय भाषांमध्ये धडे आहेत.

मी आर शिकले ती अनिच्छेनं. वाटलं, आणखी एक पॅकेज. पण इथे बटणं नव्हती, आज्ञा लिहावी लागायची. म्हणजे काय करायचंय ते आधी स्वतःला माहीत हवं. ही सक्ती मला आवडली.

आणि मग 'सेट-सीड' नावाची आज्ञा भेटली. कॉम्प्युटर यादृच्छिक अंक देतो ते खरं तर एका सूत्रातून. त्या सूत्राला सुरुवातीचा आकडा, म्हणजे बी, तुम्ही देऊ शकता. तेच बी दिलं तर तोच नमुना पुन्हा मिळतो, दुसरं बी दिलं तर दुसरा नमुना. मी वर्गात म्हटलं, "आपापला रोल नंबर बी म्हणून द्या." तेच जुनं प्रॅक्टिकल, शंभर शेतं, दहांचा नमुना. चाळीस मुलांची चाळीस वेगळी उत्तरं आली! एकजण घाबरून म्हणाला, "मॅडम, माझं आन्सर हिच्याशी मॅच होत नाहीये."

मी खुर्चीवर बसले. मला तो १९८६ चा मुलगा दिसला, चौथ्या पानावर पेन्सिल टेकवणारा.

मग मी सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं. प्रत्येकानं आपली सरासरी खडूनं एका रेषेवर मांडली, फुली मारून. चाळीस फुल्या. मधे गर्दी, कडेला विरळ. म्हटलं, बघा, पुस्तकात 'नमुना सरासरीचं वितरण' लिहिलंय ना, ते हे. तुमचं उत्तर जुळत नाही हीच तर विषयाची सुरुवात आहे. जुळलं असतं तर संख्याशास्त्राची गरजच काय होती?

ही कल्पना काही माझी नाही, आणि कॉम्प्युटरचीही नाही. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्या गॉसेटनं, म्हणजे 'स्टुडंट'नं, १९०८ मध्ये हेच केलं होतं. तीन हजार कैद्यांची मापं पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर लिहिली, पिसली आणि चार-चारचे साडेसातशे नमुने काढले. आपण टी-टेस्ट म्हणतो ना, तिचा पडताळा त्यानं असा घेतला. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला जे करायला चिकाटी लागली, ते शनिवार पेठेतल्या मुलीला आता दोन ओळींत करता येतं. तेही फुकट आणि चोरी न करता.

आणि हुजूरबाजार सरांचा सिद्धांत? तोही मी त्या वर्षी पहिल्यांदा 'पाहिला'. कॉशी नावाचं एक खट्याळ वितरण आहे. त्यात सरासरीचा काही उपयोग नसतो, हजार निरीक्षणांची सरासरीही एका निरीक्षणाइतकीच बेभरवशाची. समजा दोनच निरीक्षणं आहेत, उणे ३ आणि अधिक ३. कुणीही म्हणेल, मध्य शून्य. पण लाइकलिहूडचा आलेख काढलात तर उंटाच्या दोन मदारींसारखी दोन शिखरं दिसतात, उणे २.८३ च्या आसपास एक आणि अधिक २.८३ च्या आसपास दुसरं. आणि शून्यावर? दरी! समीकरणाची तीन उत्तरं, आणि आपल्याला सर्वांत शहाणं वाटणारं उत्तर त्या तिघांत सर्वांत वाईट. मग निरीक्षणं वाढवत न्यायची. दहा, पन्नास, दोनशे. एक शिखर उंच आणि टोकदार होत जातं आणि खऱ्या आकड्यावर जाऊन उभं राहतं. वर्गात शांतता पसरली होती. दोन तासांची सिद्धता मी नंतर शिकवली. पहिल्यांदाच ती कशाबद्दल आहे हे मुलांना आधी माहीत होतं. शैलजा देशमुख आणि माधव कुलकर्णी यांचं २०२१ चं पुस्तक आहे, त्यात हा सिद्धांत आणि आरच्या आज्ञा एकाच जागी आहेत. पुण्यातल्या माणसाचा सिद्धांत, आणि तो पुण्यातले लोक असा शिकवतात. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

पण मी आरची आरती ओवाळायला बसलेले नाही. एक प्रयोग सांगते, घरी करून बघा. तीन आकडे घ्या : दहा कोटी एक, दहा कोटी दोन, दहा कोटी तीन. यांचा व्हेरियन्स किती? दहावीचं पोरही सांगेल, मोठा आकडा वजा करा, उरतात १, २, ३, उत्तर १. आता आरमध्ये पुस्तकातलं जुनं सूत्र स्वतः लिहा, वर्गांची बेरीज वजा एन गुणिले सरासरीचा वर्ग. उत्तर येतं शून्य! तीन वेगवेगळे आकडे, आणि म्हणे फरकच नाही. कारण कॉम्प्युटर साधारण पंधरा-सोळा अंकच धरून ठेवतो, आणि इथे वर्ग सतरा अंकी होतात. शेवटचे अंक गळतात, आणि आपलं उत्तर नेमकं तिथेच होतं. आरची स्वतःची व्हेरियन्सची आज्ञा आधी सरासरी वजा करते, म्हणून ती बरोबर १ देते. म्हणजे काय, तर गृहीतमध्य! फॅसिटवाल्यांची युक्ती. ज्यानं हँडल फिरवलं होतं त्याला ही चूक लगेच सापडते. ज्यानं फक्त एंटर दाबलंय, तो शून्य लिहून मोकळा होतो. म्हणून मी शेवटपर्यंत पहिलं प्रॅक्टिकल हातानंच करून घेतलं. पाच आकडे, कागद, पेन्सिल. मुलं कुरकुरायची. कुरकुरू देत.

आणि फुकट असण्याचं मोल काय, तेही सांगते. माझ्या शेवटच्या काही बॅचेसपैकी एकीत सोलापूरकडची एक मुलगी होती. होस्टेलवर राहायची, स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. ती आर पेनड्राइव्हवर घेऊन अप्पा बळवंत चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसायची, तासाचे पैसे मोजून. आज्ञा आधी वहीत लिहून न्यायची, म्हणजे वेळ वाया जायला नको. तिची वही मी अजून विसरले नाही. फॅसिटच्या काळातली शिस्त आणि आजचं साधन एकाच वहीत होतं. विकतच्या पॅकेजच्या काळात ती मुलगी लॅबच्या त्या एका मशीनपुढच्या रांगेत उभी राहिली असती.

आज पुण्यातल्या बी. एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये आर असतंच, जोडीला पायथॉन असतं. आता तर मशीनला मराठीत सांगितलं की तेच आज्ञा लिहून देतं. तरुण शिक्षिका मला फोन करून विचारतात, "मॅडम, आता शिकवायचं काय?" मी सांगते, दोन गोष्टी. उत्तर शून्य आलं तर ते खोटं आहे हे ओळखायला शिकवा. आणि वर्गात एकाचं उत्तर वेगळं आलं तर लाल पेन उचलण्याआधी त्याला विचारा, तू सुरुवात कुठून केलीस?

ती प्रत मी आता टेबलावर ठेवलीय, पहिलं पान काळं असलेली. काल रात्री डोळे मिटून मी पेन्सिल टेकवली. दुसरं पान आलं. तिथल्या अंकांनी ते जुनं प्रॅक्टिकल पुन्हा केलं, हातानं, दीड तास लागला. उत्तर माझ्या कागदाशी जुळलं नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कुठे असतो, माहीत नाही. पण आपला हा कार्यक्रम लांबलांबून ऐकला जातो, म्हणून सांगून ठेवते. बाबा रे, तुझं उत्तर बरोबर होतं. मार्क आता देता येत नाहीत. पण 'चूक' लिहिलं होतं ते मी मागे घेते.

तुमच्यापैकी कुणी फॅसिट फिरवलं असेल, किंवा कुणाच्या वर्गात असं एखादं वेगळं उत्तर आलं असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर, नमस्कार.